बरोसाची शिराज : मातीचा गुण आणि माणसांची राखण

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याची राजधानी असलेल्या ॲडलेड शहराच्या ईशान्येस साठ-सत्तर किलोमीटर अंतरावर बरोसा नावाचे खोरे आहे. ठेंगण्या टेकड्या, तांबूस चिकणमातीवर पसरलेला वाळूचा थर, गावोगावी ल्यूथरपंथीयांची दगडी प्रार्थनामंदिरे आणि या साऱ्यांच्या मधोमध मैलोगणती पसरलेल्या द्राक्षबागा असे या खोऱ्याचे रूप आहे. खोऱ्यातील तानुंडा या गावाजवळ १८४३ साली लावलेल्या शिराज वाणाच्या वेली आजही फळ देत आहेत. माणसाच्या मांडीहून जाड, पिळवटलेली, जागोजागी पोकळ झालेली त्यांची खोडे पाहिली म्हणजे या वेली असतील यावर विश्वास बसत नाही; एखाद्या जुन्या वडाच्या पारंब्या जमिनीत रोवल्या आहेत असाच भास होतो. ज्यांनी त्या लावल्या त्यांच्या सहाव्या-सातव्या पिढ्या आज खोऱ्यात नांदत आहेत.

या आणि अशाच जुन्या बागांतील द्राक्षांपासून होणारी तांबडी वाईन जगाच्या बाजारात अव्वल दर्जाची मानली जाते. बाटलीवरील चिठ्ठीवर 'बरोसा' हे नाव असले, की गिऱ्हाईक अधिक दाम मोजतो. हा दाम तो कशाचा मोजतो? द्राक्षाचा वाण जगात अनेक ठिकाणी तोच आहे. वाईन करण्याची कृतीही फारशी वेगळी नाही. तेव्हा ही किंमत आहे ती प्रदेशाच्या गुणाची. हा गुण केवळ हवापाण्याची देणगी आहे असे सामान्यतः समजले जाते. बरोसाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. तेथील शासनाने एकदा हा गुण कायद्याने वाचवला, आणि पुढे शतकभराने दुसऱ्या शासनाने तोच गुण अनुदान देऊन जवळजवळ उपटून टाकला. शेतीमालाच्या भौगोलिक नावांची चर्चा आपल्या राज्यातही होत असताना हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

वाण कोठला, नाव कोठले

'शिराज' हे नाव ऐकताच इराणमधील त्याच नावाचे शहर आठवते. तेथूनच हे द्राक्ष धर्मयुद्धांच्या काळात एका सरदाराने फ्रान्सला नेले, अशी एक सुरस कथा बरीच वर्षे सांगितली जात असे. १९९८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठ आणि फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनी या वाणाच्या गुणसूत्रांची तपासणी केली, तेव्हा ती कथा निकालात निघाली. आग्नेय फ्रान्समधील दुरेझा आणि माँद्यूझ ब्लांश या दोन स्थानिक वाणांच्या नैसर्गिक संकरातून शिराज जन्माला आले, असे आढळले. फ्रान्समध्ये त्याला 'सिरा' म्हणतात, आणि ऱ्होन नदीच्या काठची हर्मिटेज टेकडी हे त्याचे जुने प्रसिद्ध ठिकाण.

ऑस्ट्रेलियात हे वाण पोचले ते जेम्स बझ्बी या गृहस्थामुळे. त्याने १८३१ साली स्पेन आणि फ्रान्समध्ये फिरून शेकडो वाणांच्या काड्या जमवल्या आणि पुढील वर्षी त्या सिडनीला आणल्या. तेथून त्या खंडभर पसरल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ साली स्थापन झाली. विल्यम लाइट या सर्व्हेअर-जनरलने स्पेनमधील बारोसा या रणभूमीवरून खोऱ्याला नाव दिले. ते लिहिताना अक्षरे बदलली आणि चुकीचे नावच पुढे रूढ झाले. एखाद्या कारकुनी चुकीला इतकी किंमत यावी हे क्वचितच घडते.

धर्माचरणाच्या प्रश्नावरून प्रशियाच्या राजाशी न पटल्यामुळे सायलेशिया प्रांतातून बाहेर पडलेली ल्यूथरपंथी शेतकरी कुटुंबे १८४२ साली बेथनी या गावी येऊन स्थिरावली. ही माणसे काटकसरी आणि चिवट होती. जमिनी लहान, घरची माणसेच राबणारी, आणि एकदा लावलेली वेल सहसा न काढण्याची वृत्ती. ही वृत्ती पुढे फार उपयोगी पडली.

प्रदेश चवीत कसा उतरतो

तांबडी वाईन करताना द्राक्षाचा रस सालींसह आंबवतात. रसाला रंग नसतो. रंग, तुरटपणा आणि बराचसा सुवास सालींतून उतरतो. म्हणून साल जाड आणि मणी लहान असेल तर वाईन गडद व भरदार होते. किण्वन पूर्ण झाल्यावर ती ओक लाकडाच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष ठेवतात. पिंपाच्या फळ्यांतून हवा अगदी सूक्ष्म प्रमाणात आत जाते, तुरटपणा मवाळ होतो आणि लाकडाचा गंधही थोडा मिसळतो. येथवर सर्वत्र सारखेच.

फरक पडतो तो वेलीवर. बरोसाच्या तळखोऱ्यात वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांत पडतो जवळजवळ तितकाच. परंतु तो पडतो हिवाळ्यात. फळ भरण्याचा उन्हाळा कोरडा आणि कडक. त्यामुळे घड पिकताना बुरशीचा त्रास कमी आणि साखर भरपूर. या द्राक्षांची वाईन गडद, जाड आणि उष्ण प्रकृतीची होते. पिकलेल्या जांभळाची आणि आलुबुखाराची गोडी, मागाहून ज्येष्ठमधाचा व कडवट चॉकलेटचा गंध असे तिचे वर्णन जाणकार करतात. खोऱ्याच्या पूर्वेस ईडन व्हॅली हा उंचावरील भाग आहे. तेथील बागा समुद्रसपाटीपासून चारशे-पाचशे मीटर उंचीवर असून रात्री गार असतात. मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावरील या भागात तीच शिराज अधिक सडपातळ, अधिक सुगंधी होते. सिडनीच्या उत्तरेकडील हंटर खोऱ्यात उन्हाळ्यातही पाऊस येतो, तेथील शिराज मध्यम बांध्याची आणि मातकट गंधाची. व्हिक्टोरिया राज्यातील ग्रॅम्पिअन्स या थंड डोंगराळ भागातील शिराजला तर चक्क काळ्या मिरीचा वास येतो.

हा मिरीचा वास म्हणजे वर्णनकारांची कल्पना असावी असे पुष्कळांना वाटत असे. २००८ साली ॲडलेड येथील ऑस्ट्रेलियन वाईन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी द्राक्षाच्या सालीत 'रोटंडोन' नावाचे द्रव्य शोधून काढले. काळ्या मिरीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो तेच हे द्रव्य. एका लिटर तांबड्या वाईनमध्ये त्याचे सोळा नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाच्या सोळापट इतके कण असले तरी ते नाकाला कळते. गंमत अशी की पाचांपैकी सुमारे एका माणसाला हा वास मुळी येतच नाही. थंड जागी, सावकाश पिकणाऱ्या घडांत हे द्रव्य अधिक साठते. एका प्रदेशाचा गुण रसायनशाळेच्या तराजूत तोलता आला, अशी ही मोजक्या उदाहरणांपैकी एक गोष्ट आहे.

बरोसाच्या गुणात याखेरीज वेलीच्या वयाचाही वाटा आहे. वय झालेली वेल कमी फळ देते, तिची मुळे खोल गेलेली असतात आणि एखाद्या कोरड्या वर्षाने ती डगमगत नाही. वर्षावर्षाच्या फळात त्यामुळे एक सारखेपणा राहतो. अर्थात वेल जुनी झाली म्हणजे तिचे फळ आपोआप उत्तम होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या बागा मुळातच चांगल्या जागी होत्या त्याच लोकांनी राखल्या, हेही त्यामागील एक कारण आहे.

१८९९ चा कायदा

शंभर-दीडशे वर्षांच्या द्राक्षवेली युरोपात फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्याचे कारण एक मिलिमीटर लांबीचा पिवळसर कीटक होय. फायलोक्सेरा या नावाचा हा कीटक मुळांचा रस शोषतो व वेल हळूहळू मरते. अमेरिकेतील रानवेलींना त्याची सवय होती. युरोपातील वेलींना नव्हती. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेहून आलेल्या रोपांबरोबर तो फ्रान्समध्ये शिरला आणि तेथील बागा एकामागून एक वाळत गेल्या. शेवटी अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचे कलम करणे हाच उपाय उरला. आज जगातील बहुतेक वाईन-बागा अशा परक्या मुळांवर उभ्या आहेत.

ऑस्ट्रेलियात ही कीड व्हिक्टोरियातील जिलाँग येथे १८७७ साली प्रथम आढळली. तेथील शासनाने रोगट बागा उपटण्याचे आदेश दिले, पुष्कळ शेतकरी उद्ध्वस्त झाले, आणि तरी कीड थांबली नाही. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने हे पाहिले आणि १८९९ साली फायलोक्सेरा अधिनियम मंजूर केला. बाहेरून वेली व काड्या आणण्यावर बंदी घालण्यात आली. देखरेखीसाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याचा खर्च द्राक्षबागाईतदारांवर बसवलेल्या वर्गणीतून भागवण्यात आला. आपल्या पैशाने आपली बाग तपासून घेण्याची कल्पना त्या काळच्या शेतकऱ्यांना मानवली हे विशेष. त्या वेळच्या कायदेमंडळासमोर अव्वल दर्जाच्या वाईनचा प्रश्न नव्हता. एक पीक वाचवायचे, एवढाच त्यांचा हेतू होता.

दक्षिण ऑस्ट्रेलियात ही कीड आजतागायत शिरलेली नाही. म्हणूनच बरोसाच्या जुन्या वेली कलमाच्या नसून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, आणि म्हणूनच त्या आहेत. आजही बागेत येणाऱ्या पाहुण्याच्या पादत्राणांना लागलेली माती प्रवेशद्वाराशीच पुसून घेतली जाते, औतांची धुलाई होते. परगावची चिमूटभर माती काय करू शकते याची धास्ती तेथे शंभर वर्षांत कमी झालेली नाही.

वेलींना इजा झाली नाही तरी माणसांना झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन नावांबद्दल रोष उसळला आणि १९१७ च्या अधिनियमान्वये राज्यातील एकोणसत्तर जर्मन स्थळनामे बदलण्यात आली. बरोसातील ग्नाडेनफ्राय या गावाचे मरानंगा झाले. काही नावे पुढे परत देण्यात आली, हे मात्र तसेच राहिले. ज्यांच्या बागांची नावे आज बाटल्यांवर मिरवतात, त्यांच्याच गावांच्या पाट्या एके काळी उतरवण्यात आल्या होत्या.

मॅक्स शुबर्टची गुप्त पिंपे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑस्ट्रेलियातील बहुतेक शिराज पोर्टसारख्या गोड व कडक पेयासाठी वापरली जात असे. शिराजपासून वीस-तीस वर्षे टिकणारी, जेवणाबरोबर घेण्याची वाईन होऊ शकेल असे फारच थोड्यांना वाटत होते. मॅक्स शुबर्ट हा त्यांपैकी एक. १९१५ साली बरोसा परिसरातील मोकल्टा येथे जन्मलेला हा जर्मन वंशाचा मुलगा पेनफोल्ड्स या कंपनीत हरकाम्या म्हणून लागला आणि कर्तबगारीने मुख्य वाईनकार झाला. १९५० साली शेरीची कृती पाहण्यासाठी कंपनीने त्याला स्पेनला पाठवले. परतताना तो फ्रान्समधील बोर्दोला गेला. तेथे चाळीस-पन्नास वर्षे मुरलेल्या तांबड्या वाईन त्याने चाखल्या आणि आपल्याकडेही असे काही करावे ही ईर्षा घेऊन तो घरी आला.

बोर्दोतील काबर्ने वाण दक्षिण ऑस्ट्रेलियात पुरेसे नव्हते. शिराज मुबलक होते. फ्रेंच ओकऐवजी त्याने नव्या अमेरिकन ओकची पिंपे घेतली. १९५१ साली 'ग्रेंज हर्मिटेज'चा पहिला प्रयोग झाला. पाच-सहा वर्षांनी कंपनीच्या वरिष्ठांना आणि जाणत्यांना ती चाखायला दिली, तेव्हा तिची चेष्टा झाली. १९५७ साली उत्पादन थांबवण्याचा लेखी हुकूम सुटला. शुबर्टने हुकूम मोडला. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी तीन वर्षे त्याने मागिल येथील तळघरांत, नवी पिंपे मागवता येत नसल्याने जुन्यांवर भागवून, गुपचूप वाईन केली. दरम्यान आरंभीच्या बाटल्या मुरत गेल्या आणि त्यांची चव पालटली. १९६० साली त्याच वरिष्ठांनी उत्पादन पुन्हा सुरू करण्यास सांगितले, तेव्हा मधली तीन वर्षे कोरी गेलेली नव्हती.

शासकीय सेवेतील वाचकाला ही कथा काहीशी अडचणीची वाटेल, कारण तिच्यात आज्ञाभंगाला फळ मिळाले आहे. पण खरा प्रश्न वेगळा होता : मुरायला दहा वर्षे लागणाऱ्या वस्तूचा निकाल पाचव्या वर्षी लावला गेला.

ग्रेंज ही ऑस्ट्रेलियाची सर्वांत नामांकित वाईन झाली. तिच्याबद्दल एक बाब सहसा सांगितली जात नाही. ती एका बागेची नाही, एका खोऱ्याचीही नाही. बरोसा हा तिचा मुख्य आधार असला तरी इतर प्रदेशांतील उत्तम द्राक्षे तिच्यात मिसळली जातात. याच्या अगदी उलट टोकाला ईडन व्हॅलीतील 'हिल ऑफ ग्रेस' आहे. १८६० च्या सुमारास लावलेल्या, समोरच्या चर्चवरून नाव मिळालेल्या अवघ्या एका बागेची ही शिराज सिरिल हेन्श्के याने १९५८ साली प्रथम वेगळी काढली. म्हणजे एकाच दशकात, शंभर किलोमीटरच्या आत, शिराजचे दोन मार्ग निघाले. एक म्हणाला, उत्तम ते जमवावे. दुसरा म्हणाला, जेथले आहे तेथलेच ठेवावे. दोन्हीही यशस्वी झाले. 'प्रदेशाचा गुण म्हणजेच दर्जा' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ग्रेंजचे उदाहरण विसरू नये.

उपटण्याचे अनुदान

१९७० नंतर ऑस्ट्रेलियातील ग्राहकांची आवड पांढऱ्या वाईनकडे वळली. तांबड्या द्राक्षांना उठाव राहिला नाही. भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेले आणि वर्षानुवर्षे घड वेलीवरच सुकू लागले. याच सुमारास पीटर लेमन या वाईनकाराला त्याच्या कंपनीच्या मालकांनी पुढच्या हंगामात शेतकऱ्यांची द्राक्षे न घेण्यास सांगितले. त्याने तर शेतकऱ्यांना शब्द दिलेला होता. खोऱ्यात असे व्यवहार लेखी कराराऐवजी हात मिळवून होत. लेमनने मित्रांच्या साहाय्याने भांडवल उभे केले आणि १९७९ साली स्वतःची कंपनी काढून ती द्राक्षे घेतली. एका अमेरिकन कथेतील जुगारी पात्राचे नाव त्याने कंपनीला दिले होते, यावरून त्याला आपल्या धाडसाची कल्पना असावी. जी बागाईतदार कुटुंबे त्या वर्षांत तगली, त्यांतली बरीचशी त्या एका शब्दावर तगली.

परंतु एकट्या माणसाने सगळा हंगाम उचलणे शक्य नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यास केंद्र आणि राज्य शासनाने मिळून वेल-निर्मूलन योजना आणली. बाग उपटणाऱ्या शेतकऱ्यास दर हेक्टरी रोख साहाय्य मिळू लागले. योजनेमागील हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. अतिरिक्त उत्पादन कमी करायचे, कर्जात बुडालेल्याला बाहेर पडण्याची वाट द्यायची, हे कोणत्याही शासनाला सुचण्याजोगे होते. चूक मोजमापात होती. योजनेने हेक्टर मोजला, वेलीचे वय मोजले नाही. शेतकऱ्याला द्राक्षाचे पैसे टनावर मिळत. जुनी वेल टनाने कमी देते. तेव्हा उपटायची वेळ आली की कुऱ्हाड प्रथम जुन्या बागेवर पडली. फायलोक्सेराच्या कीटकाला जे शंभर वर्षांत साधले नाही ते ट्रॅक्टर आणि धनादेश यांनी थोड्या हंगामांत साधले. शिराज, ग्रेनाश आणि मूर्वेद्र या वाणांच्या शतायुषी बागांचे फड जळणाच्या ढिगांत गेले.

सगळेच गेले नाहीत. काही कुटुंबांनी पैसे नाकारले. आजोबांनी लावलेले काढवत नाही, एवढेच कित्येकांचे कारण होते, आणि हिशेबाच्या वहीत ते कोठेच बसत नव्हते. काही तरुण वाईनकारांनी याच काळात जुन्या बागांची द्राक्षे चढ्या भावाने घेण्यास सुरुवात केली आणि बाटलीवर तसे अभिमानाने छापले. दहा वर्षांच्या आत वारे फिरले. इंग्लंड-अमेरिकेत बरोसाच्या भरदार शिराजला मागणी आली, १९९० सालची ग्रेंज एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकाने १९९५ ची सर्वोत्कृष्ट वाईन म्हणून निवडली, आणि ज्या जागी अनुदान घेऊन वेली उपटल्या होत्या त्या परिसरात पुन्हा शिराजची लागवड सुरू झाली. नवी वेल तीन वर्षांत फळ देते. शंभर वर्षांची व्हायला तिला शंभर वर्षेच लागतात.

नावाचे कुंपण

यानंतरची पावले सावधपणे टाकण्यात आली. ऑस्ट्रेलियात १९९३ साली वाईनच्या भौगोलिक निर्देशनासाठी कायद्यात तरतूद झाली. बाटलीवर एखाद्या प्रदेशाचे नाव असेल तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या प्रदेशातील असलीच पाहिजेत. दुसऱ्यांच्या नावांचा मोहही सोडावा लागला. युरोपीय समुदायाशी १९९४ साली करार झाला, आणि 'ग्रेंज हर्मिटेज'मधील फ्रेंच टेकडीचे नाव १९९० च्या हंगामापासूनच गळाले. स्वतःच्या नावाला कुंपण घालायचे तर शेजाऱ्याच्या नावातून आधी बाहेर पडावे लागते.

२००९ साली बरोसातील उत्पादकांनी जुन्या वेलींची सनद तयार केली. ३५ वर्षांवरील वेल 'जुनी', ७० वर्षांवरील 'तगलेली', १०० वर्षांवरील 'शतायुषी' आणि १२५ वर्षांवरील 'पूर्वज' अशा तिच्या पायऱ्या आहेत. एके काळी ज्या वयामुळे वेली उपटल्या गेल्या, त्या वयाला सनदेने नाव दिले आणि नावामुळे किंमत आली. २०१२ साली राज्य शासनाने बरोसा खोऱ्याचे वैशिष्ट्य जपण्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. ॲडलेड शहर वाढत वाढत खोऱ्यापर्यंत येऊ पाहत होते. या अधिनियमाने गावठाणाबाहेरच्या शेतजमिनींचे निवासी भूखंड पाडण्यास मनाई केली. ग्रामपंचायतीच्या हद्दीत बिनशेतीचे अर्ज हाताळणाऱ्यांना या कलमाचे मोल सांगायला नको.

काही गोष्टी कोणत्याही कायद्याच्या आवाक्याबाहेर राहिल्या. उन्हाळे तापत चालल्याने गेल्या काही दशकांत तोडणीच्या तारखा अलीकडे सरकल्या आहेत. चीन हा मोठा ग्राहक असताना त्याने २०२० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन वाईनवर जबर शुल्क बसवले; काही मालावर ते दोनशे टक्क्यांहूनही अधिक होते. मार्च २०२४ मध्ये ते उठेपर्यंत तांबड्या वाईनचे साठे टाक्यांत पडून होते, आणि वेली उपटण्याची भाषा ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत पुन्हा ऐकू आली.

नाशिकचा संदर्भ

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करार २ एप्रिल २०२२ रोजी झाला व २९ डिसेंबर २०२२ पासून अंमलात आला. त्यापूर्वी वाईनवर १५० टक्के आयातशुल्क होते. करारान्वये ५ डॉलरहून अधिक किमान किमतीच्या बाटलीवर ते १०० टक्क्यांवर आणि १५ डॉलरहून अधिक किमतीच्या बाटलीवर ७५ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांपर्यंत उतरावयाचे आहे. म्हणजे सवलत अधिक आहे ती महागड्या मालाला, आणि बरोसाची नामवंत शिराज नेमकी त्याच गटात मोडते. महाराष्ट्रातील वाईन-उत्पादकांना या स्पर्धेचा विचार करावा लागेल.

मद्याच्या विषयावर राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाचा निर्देश आणि आरोग्याचे प्रश्न आहेतच, आणि वाईनला फळांच्या रसाची बहीण म्हणून मिरवणे शास्त्राला धरून नाही. तथापि द्राक्ष उत्पादकाच्या दृष्टीने हा शेतीमालाचा व त्याच्या नावाचा प्रश्नही आहे. राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. भौगोलिक निर्देशनांचा १९९९ चा केंद्रीय अधिनियम २००३ साली अंमलात आल्यानंतर 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाची नोंद झालेली आहे, आणि शिराज हे तेथील तांबड्या वाणांपैकी एक प्रमुख वाण आहे.

नाशिकची शिराज बरोसाची नक्कल होऊ शकणार नाही, आणि तशी व्हावी असेही नाही. आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोप नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांनी तिला वळण लावावे लागते, आणि फळ जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, रात्री गार व दिवस कोरडे असताना पिकते. खुंट आपणही वापरतो, पण तो मुख्यतः जमिनीतील क्षार आणि पाण्याची टंचाई यांना तोंड देण्यासाठी. या परिस्थितीतून जी चव येईल ती नाशिकची. दिंडोरीच्या काळ्या जमिनीतील आणि डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीतील द्राक्षांत काय फरक पडतो, गंगापूर धरणाकडील बागांचे फळ कोणत्या अंगाने वेगळे, याच्या नोंदी बागवार आणि वर्षवार ठेवल्या गेल्या तरच ती चव नावाला चिकटेल. बरोसात खोऱ्याच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण भागांतील शिराजची तुलना करण्याचे असे काम २००८ पासून पद्धतशीरपणे चालू आहे. ते सुरू होण्यापूर्वी तेथे दीडशेहून अधिक वर्षे द्राक्षे पिकत होती.

नाशिक परिसरातील बहुतेक वाईन-बागा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतर लागल्या. बरोसाच्या सनदेतील पहिल्या, म्हणजे ३५ वर्षांच्या पायरीवर त्यांतील फारच थोड्या पोचल्या असतील. भाव पडलेल्या हंगामात कोणती बाग काढायची आणि कोणती राखायची, हा निर्णय मात्र त्यांच्या मालकांना आताच, दर दोन-चार वर्षांनी, करावा लागत आहे.